राक्षसिणीची डावी भुवई

या, असे जवळ या. दारातल्यांनीही पुढे सरकून घ्या. आज दोन जावांची गोष्ट ऐकवायची आहे. म्हणजे आता कुणी पेंगणार नाही!

थोरली पुस्तकांसाठी चित्रं काढायची. एका अद्भुत कादंबरीमालेतली तिची राक्षसीण अशी गाजली, की मुलं घाबरून पुस्तक मिटत आणि लगेच तेच पान पुन्हा उघडत. राक्षसिणीच्या उजव्या भुवईवर तिरपा व्रण होता. मग त्या कादंबऱ्यांवर सिनेमा निघाला. थोरलीला सल्ल्यासाठी बोलावलं. पात्रांची रूपं रेखाटायला धाकटी होती. ती पहिल्यापासून सिनेमाच्याच कामातली.

एकाच लांब टेबलाशी दोघी समोरासमोर बसत. मध्ये मातीची शिंगं, केसांचे टोप, रंगाचे डाग पडलेल्या चिंध्या. थोरलीने मान वर केली की धाकटीचे डोळे हिच्यावरच! नजरानजर झाली, की ती लगबगीने कागद पालथा घालायची.

"काय गं, काय दडवतेस?"

"काही नाही ताई, अजून कच्चं आहे."

झालं! थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. कच्चं असलं तर असू दे, लपवायचं कशाला? घरी तिने नवऱ्याजवळ विषय काढला. तो म्हणाला, "अगं, तुझं तोंडच तसं आहे, बघत राहावं असं." पण थट्टेने का संशय जातो? तो भिंतीतल्या ओलीसारखा, वरून रंग दिला तरी आतून पसरणारा. धाकटी चहा पुढे करी, तर हिला वाटे, आज एवढं गोड का? आपली मूळ चित्रं ठेवलेल्या कपाटाचं कुलूप ती ओढून ओढून बघू लागली.

अखेर कलादिग्दर्शकांपुढे धाकटीने चित्र मांडलं. थोरलीने ते ओढून जवळ घेतलं. तोच जबडा, तीच रागाने ताणलेली नाकपुडी. फक्त व्रण डाव्या भुवईवर!

"हे गिरवलंय," थोरली म्हणाली. "खालून दिवा असलेल्या काचेवर माझा कागद उलटा ठेवला, की उजव्याचं डावं होतं. चोरी केलीस ती केलीस, वर मला सल्लागार म्हणून बसवलंस?"

कलादिग्दर्शक चष्मा काढून धाकटीला म्हणाले, "बाई, हे खरं असेल तर तुम्हाला हे काम सोडावं लागेल."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. पण ती कलादिग्दर्शकांकडे वळलीच नाही.

"ताई, लहानपणी तुम्ही झोपाळ्यावरून पडलात. कुठं लागलं होतं?"

"इथं," म्हणत थोरलीचा हात भुवईवर गेला. डाव्या.

हात तिथेच राहिला. जन्मभर तिने राक्षसिणीचा राग, दुःख, हसू आरशात स्वतःचं तोंड वेडंवाकडं करून टिपलं होतं, आणि आरशात दिसलं तसंच, व्रणासकट, कागदावर उतरवलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हे काढताना मी पुस्तक उघडलंच नाही," धाकटी पुटपुटली. "तुमची राक्षसीण कोण, ते मला लग्न होऊन आले तेव्हाच कळलं होतं. म्हणून मुळावरूनच, तुमच्याकडे बघून काढली. पण तोंडावर कसं सांगू, की ताई, राक्षसीण तुम्ही आहात?"

कलादिग्दर्शकांना हसू आवरेना. थोरलीला मात्र रडू आवरेना. भरल्या डोळ्यांनीच तिने ते चित्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"व्रण डावीकडेच राहू द्या. खरी ती हिची आहे."

"आणि वाचक ओरडले तर?"

"त्यांना माझ्याकडे पाठवा. राक्षसीण बोलेल त्यांच्याशी!"

बाबांनो, मन चिंती ते वैरी न चिंती. आरसा आपल्याला उलटंच दाखवतो; सुलटं बघायला देव समोर एक माणूस बसवतो. उद्या भांग पाडायला उभे राहाल ना, तेव्हा कागद पालथा घालणाऱ्या त्या धाकटीची तेवढी आठवण ठेवा.