चौथ्या ड्रमची जागा

रोंडा गुंडरसनने तारेच्या कुंपणात बोटं अडकवली आणि आजूबाजूचे सगळे ड्रमवाल्यांच्या हातांकडे बघत असताना ती एकटी आपल्या मुलीच्या डाव्या बुटाकडे बघत राहिली.

स्टेडियमच्या मागच्या पार्किंगमध्ये स्पर्धेआधीचा सराव चालला होता. खरे शौकीन मैदानातल्या खेळाइतकाच या सरावावरही जीव टाकतात. दुपारपासून घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. सॉक व्हॅली हेरल्ड्स या वाद्यपथकाचे पाच बास ड्रम ओळीत उभे होते, गळ्यापासून मांडीपर्यंत झाकणारे, पहिला लहान, पाचवा सगळ्यात मोठा. पाचही जण जागच्या जागी पावलं टाकत होते आणि एकेक ठोका पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा धावत पाचव्यापर्यंत पोचत होता. डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. मारिट चौथी होती. तिचा उजवा पाय पुरा टेकत होता. डावा टेकल्यासारखा करून लगेच वर येत होता. चेहऱ्यावर त्यातलं काही दिसत नव्हतं, पण रोंडाचं लहानपण विस्कॉन्सिनमधल्या गोठ्यात गेलं होतं आणि दुखरा खूर लपवणारी गाय तिला लांबूनही ओळखता यायची.

"पोरीचा हात बघ," शेजारी उभा असलेला ड्वेन प्रिबिल म्हणाला. "तुझ्याहून साफ आहे. तू कायम घाई करायचीस."

"तू कायम मागे रेंगाळायचास. म्हणून माझी घाई वाटायची."

"सव्वीस वर्षं हेच ऐकतोय, बाई."

सव्वीस वर्षांपूर्वी याच पथकात ड्वेन तिसऱ्या ड्रमवर होता आणि रोंडा चौथ्या. आता तो ट्रॅक्टर विकायचा आणि ड्रमचे पट्टे त्याच्या पोटावरून आले नसते. जुन्यांच्या मेळाव्यात रोंडाची ती प्रसिद्ध गोष्ट निघाली की ड्वेन आपल्या ताटलीतल्या सॉसेजकडे बघायचा. त्याने ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, आणि खोडूनही काढली नाही.

गोष्ट अशी, की रोंडाने एकविसाव्या वर्षी, म्हणजे पथकात राहता येतं त्या शेवटच्या वर्षी, मोडक्या पायाने अंतिम फेरी वाजवली. खरं एवढंच, की पाय मोडला होता. अंतिम फेरीच्या दोन दिवस आधी बसमधून उतरताना काहीतरी कट्कन वाजलं, ती घाबरली, आणि तिने स्वतःच जाऊन पथकाच्या नर्सला सांगितलं. त्यांनी तिला कुबड्या देऊन प्रेक्षकांत बसवलं. अंतिम फेरीच्या संध्याकाळी तिने घरी फोन लावला. साठ गाईंचं दूध काढायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून वडील येऊ शकले नव्हते. त्यांनी विचारलं, "वाजवलंस ना गं?" आणि ती म्हणाली, "वाजवलं." बस, एवढंच. घरी आली तेव्हा पायाला प्लास्टर होतं, आणि गावाला तेवढा पुरावा पुरला. वडिलांनी ती गोष्ट बारमध्ये सांगितली, पेंडीच्या दुकानात सांगितली, चर्चच्या मागे उभं राहून सांगितली. एका ठिकाणी मोडलेलं हाड सांगता सांगता दोन ठिकाणी मोडलं. त्यांच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांनीसुद्धा सांगितली. रोंडा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती आणि लोकांना वाटलं, दुःखाने.

मारिटने सहाव्या वर्षी पाळण्यातल्या बाहुलीऐवजी टिपरू मागितलं, तेही चौथ्या ड्रमचं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तिचा फोन आला होता, कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेतून, जिथे पथक फरशीवर झोपत होतं. नडगीत एकाच जागी खिळा ठोकल्यासारखं दुखतंय, झोपेतही दुखतं, ती म्हणाली. मग विचारलं, "आई, तू कसं सहन केलंस?"

तेव्हा सांगता आलं असतं. रोंडाने तोंड उघडलंही होतं. पण तोंडातून निघालं ते वडिलांच्या गोष्टीतलं. "घट्ट बांधून घे. दात-ओठ खाऊन पहिली दोन मिनिटं काढ, पुढे बधिर होतं." फोन ठेवल्यावर तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. तेव्हापासून तिला एक रात्र धड झोप नव्हती.

पथकाच्या मास्तरांनी हात वर केला आणि पाण्याची सुट्टी झाली. मारिट ड्रम स्टँडवर ठेवून कुंपणाशी आली. लोकांनी आपणहून जागा करून दिली. मुलांना त्यांचे आईबाप भेटतात तेव्हा हे लोक शहाण्यासारखे दुसरीकडे बघतात. ड्वेनही दोन पावलं सरकून लिंबू सरबताच्या गाडीवरच्या पाट्या वाचायला लागला.

"काय गं, डबा आणलास का?" मारिट म्हणाली.

"गाडीत आहे. पाय कसा आहे?"

"आहे तिथेच आहे."

"मारिट, त्यांना सांग."

"आता? शेवटची स्पर्धा आहे, आई. अकरा मिनिटं. मग आयुष्यभर आराम."

"हाडाचे दोन तुकडे होतील. मी बघतेय, तू टेकवतसुद्धा नाहीयेस."

"तू टेकवला होतास?"

मारिटच्या ओठांवर घाम साचला होता, केस कपाळाला चिकटले होते. रोंडाने तारेवरची पकड आणखी घट्ट केली.

"मी वाजवलंच नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना, आणि त्यांनी मला बसवलं. आजोबांना मी खोटं सांगितलं."

मारिट बाटलीतलं पाणी प्यायली, उरलेलं तिने मानेवर ओतलं.

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"पंधरा वर्षांची होते तेव्हा त्या वर्षीचं चित्रण बघितलं. इंटरनेटवर आहे की सगळं. मला वाटलं, आई दिसेल. चार ड्रम दिसले आणि मधे जागा. मी तीनदा मोजले."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आजोबा होते तेव्हा. दर रविवारी सांगायचे." मारिटने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. कुणीतरी ते खरं करायला नको?"

मास्तरांनी शिट्टी मारली. मारिट वळली आणि जाताना एकदाही लंगडली नाही. त्यासाठी तिने काय केलं असेल ते रोंडाला तिच्या मानेच्या शिरांवरून दिसलं.

आजवर रोंडाला वाटत होतं की पोरगी एका खोट्यावर विश्वास ठेवून स्वतःचा पाय मोडून घेतेय. विश्वास ठेवला असता तर बरं झालं असतं. सगळं ठाऊक असून ती आईचं उणं भरून काढायला निघाली होती.

पथकाच्या ट्रकपाशी बर्फाच्या पेटीवर येसेनिया बसली होती. मुलांच्या दुखापती बघणारी, उंच, गंभीर बाई, खिशात कायम चिकटपट्टी. रोंडा कुंपणाच्या फाटकाकडे निघाली तशी ड्वेनने तिचा दंड धरला.

"कुठे चाललीस?"

"तुला माहितीये कुठे."

"रोंडा, अकरा मिनिटं. मग तिचं संपलंच. पुढच्या वर्षी ती बावीसची, तिला कुणी घेणार नाही. आपलं संपलं तेव्हा काय वाटलं होतं आठवतं ना? तिची अकरा मिनिटं घेऊ नकोस."

"तिचं हाड—"

"हाडं जुळतात. ती एकवीसची आहे, कुक्कुलं बाळ नाही. तिनं ठरवलंय."

"तिनं नाही ठरवलं. मी ठरवलं. तीन आठवड्यांपूर्वी, फोनवर."

ड्वेनने दंड सोडला. त्याचा चेहरा पडला होता.

"ती तुला माफ करणार नाही," तो म्हणाला.

"नाही करणार."

येसेनियाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?" तीन आठवडे ऐकल्यावर तिने डोळे मिटून घेतले. मग तिने सराव थांबवून मारिटला ट्रकच्या आडोशाला बोलावलं. रोंडाला फाटकातून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. येसेनियाने गुडघे टेकून मोजा खाली केला आणि अंगठा नडगीवरून सावकाश फिरवत आणला. एका जागी मारिटचा हात ट्रकच्या दाराकडे गेला. मग डाव्या पायावर एक उडी मारायला सांगितलं असावं. मारिटने मारली. हसलीसुद्धा. येसेनियाने आणखी एक मारायला सांगितली.

दुसरी उडी मारिटने मारली नाही. ती डाव्या पायावर तशीच उभी राहिली, मग हळूच उजवा पाय टेकवला. बराच वेळ ती जमिनीकडे बघत होती. नंतर तिने मान वर केली आणि थेट फाटकाकडे, आईकडे बघितलं. तिची ती नजर चुकवण्याचा हक्क आपल्याला नाही, असं समजून रोंडा उभी राहिली.

पाच वाजता हेरल्ड्सचं पथक मैदानात उतरलं. ऊन अजून पाठीवर भाजत होतं. चौथ्या ड्रमच्या जागी कुणाला घालायला वेळ नव्हता, आणि घालूनही उपयोग नव्हता. एकाचे ठोके दुसऱ्याला अर्ध्या तासात शिकवता येत नाहीत. म्हणून पथकात करतात तेच त्यांनी केलं. तिसरा आणि पाचवा आपापल्या जागी चालले आणि मधे एका माणसाएवढी जागा त्यांच्याबरोबर चालत राहिली. ते वळले तिथे वळली, थांबले तिथे थांबली.

प्रेक्षकांत ड्वेनशेजारी बसलेल्या रोंडाला वाटलं होतं की ती बघू शकणार नाही. पण ती बघत होती.

पायऱ्यांवर कुबड्यांचा आवाज आला. मारिट येत होती, अंगात अजून पथकाची लाल विजार, वर साधा बनियन, डाव्या पायाला आधाराचा काळा जड बूट. ड्वेन उठला, मागच्या ओळीत गेला, आणि मारिट त्याच्या जागेवर बसली. तिने आईकडे बघितलं नाही. कुबड्या तिने दोघींच्या मधे उभ्या केल्या.

मैदानात पहिला मोठा तुकडा सुरू झाला. एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही, आणि मग पाच. परीक्षकांनी ते केव्हाच टिपलं असणार. मारिटच्या जबड्याचा स्नायू त्या रिकाम्या ठोक्यावर हलला. पुढच्या वेळी पुन्हा हलला.

पुढच्या ओळीत एक गोरी लठ्ठ बाई नवऱ्याबरोबर बसली होती, हातात तळलेल्या चीजचा द्रोण. बहुधा पहिल्यांदाच आली होती; भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवत होती. तिने मागे वळून मारिटची विजार बघितली.

"अगं, तू यांच्यातलीच ना? ती मधे जागा का सोडलीय? मुद्दाम आहे का तसं?"

"ती माझी जागा आहे," मारिट म्हणाली.

"अगं बाई! आणि तू इथे?"

"पाय मोडलाय. आज कळलं."

"अरेरे. पण पुढच्या वर्षी—"

"पुढचं वर्ष नाही."

बाईने सहानुभूतीने रोंडाकडे बघितलं. "तुम्ही आई का? तुम्हालाही किती वाईट वाटत असेल."

"आईसुद्धा याच पथकात होती," मारिट समोर बघत म्हणाली. "याच ड्रमवर. शेवटच्या वर्षी तिचाही पाय मोडला होता."

"काय सांगतेस! मग काय केलं हो तुम्ही?"

रोंडाने ड्वेनला मागे खाकरताना ऐकलं. इथे ती गोष्ट सुरू व्हायची. ती गोष्ट इतकी पाठ होती की जिभेवर आपोआप आली. मारिट आता पहिल्यांदाच तिच्याकडे वळली होती.

"सांग," मारिट म्हणाली. "तूच सांग."

मैदानात ट्रंपेट गरजत होते, त्यामुळे रोंडाला मोठ्याने बोलावं लागलं. निदान दोन ओळींना तरी ऐकू गेलं असेल.

"काही नाही केलं," ती म्हणाली. "मला भीती वाटली. मी त्यांना सांगितलं आणि इथे येऊन बसले. वाजवलं नाही."

"बरं केलंत," बाई म्हणाली. तिने द्रोणातला एक तुकडा तोंडात टाकला आणि पुढे वळून पुन्हा चुकीच्या जागी टाळ्या वाजवायला लागली.

एवढंच. सव्वीस वर्षांत रोंडाने हजारदा कल्पना केली होती की हे सांगितल्यावर काय काय होईल, आणि झालं ते एवढंच. तिला हसावं की रडावं कळेना. वडील आठवले, फोनच्या त्या टोकाला, गोठ्यातून धावत आलेले, धापा टाकत.

कुबड्या घसरून खालच्या पायरीवर खडखडत पडल्या. मारिट दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती, लहान मुलासारखी, खांदे गदगदत होते. रोंडाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मारिटने तो झटकला. रोंडाने पुन्हा ठेवला.