मागची बाजू

शब्बाथच्या सकाळी ज्यूंच्या प्रार्थनागृहात, ऐन तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचायला बाहेर काढायच्या वेळी, अस्त्रुगा बायकांच्या सज्ज्यातून तरातरा खाली आली आणि तोराच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. गाऱ्हाणं असलेल्या कुणालाही वाचन असं अडवता येतं, पण कपाटाच्या दारापासून हलेपर्यंतच. हललं, की हक्क संपला.

गाऱ्हाणं सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील, वैद्य बोनाफोस, जाऊन वर्षही झालं नव्हतं. ज्यांनी त्यांच्या दारात रांगा लावल्या, त्याच पंचांनी आता त्यांचं लिखाण पाखंडी ठरवलं होतं. देवाचं नाव असलेला कागद जाळता येत नाही, म्हणून तो उद्या कबरस्तानात पुरायचा. औषधं मात्र हवी होती! अडचण एवढीच, की बोनाफोस कागदाच्या बाबतीत भारी चिक्कू. पुढे दम्याचा काढा, तर त्याच पानामागे आत्मा आणि बुद्धी यांवरचे विचार.

"आडमुठेपणा करू नकोस, पोरी," पंचांचे म्होरके अब्रमेत म्हणाले. "औषधं आधी उतरवून घेऊ, मग पुरू."

"औषधं मला पाठ आहेत, काका! वीस वर्षं मीच कुटलीत. कधीही या, तोंडी सांगेन. पाठ नाही ती मागची बाजू. ती तुम्ही शहाणी माणसं जपाल असं वाटलं होतं मला! उतरवायला वल्हांडणाच्या सणापर्यंत मुदत द्या."

"त्यात लिहिलंय, देवाला राग येत नाही!"

"मग त्याच्या वतीने तुम्ही कशाला डोळे वटारता?"

"आटप गं बाई," मागून कुणीतरी ओरडलं, "भट्टीतलं कालवण करपतंय!"

लोक हसले. अब्रमेत भडकले, ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांचा जुना दमा उसळला. ओठ निळे पडले. ते बाकावर कोसळले आणि सगळे भोवती कोंडाळं करून उरलीसुरली हवाही अडवू लागले.

मरू दे मेल्याला, असं अस्त्रुगाच्या मनात अगदी स्पष्ट आलं. दोन पावलं टाकली की बापाचं पुस्तक मातीत. बाप असता तर एव्हाना म्हाताऱ्यापाशी पोचलासुद्धा असता, याचाही तिला राग आला.

ती गेली.

"सरका बाजूला! पुढे वाका, काका. कोपरं गुडघ्यांवर. पट्टा सोडा. आता ओठ आवळून श्वास सोडा, फुंकर घालतात तसा. हळू! मरायची घाई तुम्हाला, निस्तरायचं मी."

बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला. तिने वळून पाहिलं, तर तोरा वाचणाऱ्याने कपाट उघडलेलं होतं. 

"लाज वाटत नाही?" ती किंचाळली. "माझ्या वडिलांचं औषध चालतं, ते चालत नाहीत!"

अब्रमेत उठले. बाकांना धरत, धापा टाकत कपाटापर्यंत गेले, दार ढकलून लावलं आणि त्याला पाठ टेकून उभे राहिले. बाकीचे पंच आ वासून बघत राहिले.

"वल्हांडणापर्यंत?" अस्त्रुगाने विचारलं. आवाजातला राग तसूभरही उतरला नव्हता.

बोलायला श्वास पुरेना. त्यांनी नुसती मान डोलावली.

"बघताय काय? खुर्ची द्या त्यांना," ती लोकांवर खेकसली. "तिथेच. दाराला लावून."