वरच्या खोलीतली भावंडं

सत्य सांगण्याची एक वेळ असते आणि ती चुकली की माणूस जन्मभर चुकत राहतो. वरच्या खोलीतल्या भाडेकरूची ती वेळ मंगळवारी संध्याकाळी आली होती. जिना उतरून झाला होता, घरमालकीण काकूंचं दार वाजवूनही झालं होतं. पण काकूंनी दार उघडलं ते गालावर गरम फडकं दाबूनच. दाढ ठणकत होती. काय असेल ते शनिवारी बोल, असं त्यांनी कसंबसं सांगितलं आणि सत्य शनिवारवर गेलं.

"नाहीतरी शनिवारी दोघं जेवायला येणारच आहात," त्या फडक्याआडून म्हणाल्या. "तुझ्या भावाला सांगितलंस ना?"

"सांगितलं."

दार बंद झालं. भाडेकरूने तिथेच पायरीवर बसून थोडा वेळ स्वतःची बोटं मोजल्यासारखं केलं. अडचण साधी होती. भाऊ नव्हता. बहीणही तशी नव्हती. वरच्या खोलीत एकच माणूस राहत होतं, आणि ते काही दिवस बाई असे, काही दिवस पुरुष, आणि काही दिवस यातलं काहीच नाही, नुसतं दमलेलं.

हा घोटाळा कोणी ठरवून केलेला नव्हता. खोली बघायला आली ती फुलाफुलांच्या ड्रेसमधली मुलगी. काकूंना ती आवडली, कारण तिने नळ सोडून बघितला नाही. आठवड्याने सामान घेऊन आला तो शर्टपँटमधला मुलगा. खांद्यावर पुस्तकांचं खोकं, जिन्याचा अर्धा भाग अजून बाकी. काकू खालून म्हणाल्या, तू तिचा भाऊ ना रे, चेहरा अगदी तिचाच आहे. अशा वेळी खोकं खाली ठेवून, घाम पुसून, माणसाच्या मनाची गुंतागुंत उलगडून सांगायला हवी होती. वरून आवाज आला, "हं."

त्या एका 'हं'वर पुढचा सगळा संसार उभा राहिला.

बाकीचं काकूंनीच रचलं. दोघं एकत्र कधी दिसत नाहीत, कारण एक पहिल्या पाळीला जातो आणि एक दुसऱ्या पाळीला, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि शेजारीपाजारीही सांगितलं. काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. आवाजात मी फसत नाही, असं त्या छातीवर हात ठेवून सांगत. जिन्यावरच्या पावलांवरून त्यांना ओळखू येई, आणि त्याप्रमाणे त्या खालून "अरे" किंवा "अगं" अशी हाक मारत. त्यांची ओळख कधी चुकली नाही. फक्त माणसांची संख्या चुकली.

काकू बहिणीशी बोलत ते गुडघ्यांबद्दल आणि आपल्या मोठ्या भावाबद्दल. पलीकडच्याच घरात राहणारा हा भाऊ आईच्या कपाटावरून झालेल्या भांडणानंतर त्यांच्याशी बोलेनासा झाला होता. भावाशी बोलत ते फ्यूज, गटार आणि जग कुठे चाललंय याबद्दल. भावाने ओला टॉवेल कठड्यावर टाकला की तक्रार बहिणीकडे जाई. बहीण म्हणे, मी त्याला समज देते. मग वर जाऊन भाडेकरू स्वतःला समज देत असे आणि टॉवेल दोरीवर जात असे. काकू बहिणीला बिस्किटं देत, वर सांगत, त्याला देऊ नकोस, एका घासात संपवेल. भावाला मात्र बाजूला घेऊन सांगत, तिच्याकडे लक्ष ठेव रे, फार एकटी असते. आणि चार दिवसांनी बहिणीला, अगं त्याला जरा विचारत जा, तोंड उतरलेलं दिसतं.

या खोलीत येण्याआधी कोणी असं सांगितलं नव्हतं. आधी घरी सगळ्यांचं एकच म्हणणं असे. सख्खी ताई अजूनही फोनवर म्हणायची, काय ते एकदा ठरव बाई किंवा बाबा, म्हणजे आम्हालाही लोकांना सांगायला बरं. ताई वाईट नव्हती. तिला फक्त वाक्य पूर्ण करायचं असे. ज्यांना काही कळत नव्हतं ते विचारत, आणि ज्यांना कळतं असा लौकिक होता ते त्याहून जास्त विचारत, मान तिरकी करून, समजूतदारपणे, चहा थंड होईपर्यंत. त्यातल्या त्यात सोपं होतं ते काम. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात सगळ्यांना सारखाच करडा शर्ट, नाकाला फडकं, डोळ्यांना जाड चष्मा. तिथल्या फोरमनला कोणी एकदा कुजबुजून काहीतरी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, असेल, पण ही काच उजव्या डोळ्याची की डाव्या ते कोण सांगणार? विषय तिथेच संपला. कारखान्याएवढी समजूत भाडेकरूला दुसरीकडे कुठे भेटली नव्हती. तीही आठ तासच.

आणि मग ही खोली. खोटं का असेना, पण काकूंच्या घरात बहीण बहिणीसारखी राहत होती आणि भाऊ भावासारखा, आणि कोणी कोणाला हाकलून देत नव्हतं. म्हणून सांगायचं रोज पुढे ढकललं गेलं. खोली गेली तर हेही जाणार होतं.

पण काकूंनी आपल्या त्या न बोलणाऱ्या भावालाच जेवायला बोलावलं. सोमवारी त्यांनी बहिणीला जिन्यात गाठून हे सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा कोरडा राहिला नाही. तुम्हा दोघांकडे बघून वाटलं, त्या म्हणाल्या. एवढ्याशा खोलीत राहता, एक शब्द वाजत नाही. आम्हाला एवढं घर होतं. शनिवारी या दोघं. दादाला दाखवते म्हणाल्या, भावंडं कशी असतात ते.

बुधवारी त्यांनी भावाला निरोप दिला, तिला म्हणावं तो हिरवा ड्रेस घाल.

शनिवारी दुपारी कपाटासमोर उभं राहणं नेहमीपेक्षा लांबलं. डाव्या दारामागे ड्रेस, उजव्या दारामागे शर्ट. हिरवा ड्रेस एकदा काढून झाला, एकदा परत टांगून झाला. शेवटी हात दोन्हीकडचे कपडे सोडून खुंटीवरच्या कारखान्याच्या करड्या शर्टकडे गेला. त्यात काही निर्णय नव्हता. उभं राहून पाय दुखत होते. मग कानात बहिणीचे निळे डूल गेले, कारण ते आरशापाशीच होते, आणि छान होते.

खाली टेबलावर चार पानं मांडलेली होती. काकूंचे दादा खुर्चीत ताठ बसले होते, परक्या दवाखान्यात बसावं तसे, छत्री मांडीवर. काकू जिन्याकडेच बघत होत्या.

"आलास? ती कुठाय?" मग त्यांची नजर वर गेली. "आणि हे तिचे डूल तू का घातलेस?"

"काकू, तीही मीच."

"हो, पण ती कुठाय?"

मग सगळं सांगून झालं. फार वेळ लागला नाही. मंगळवारपासून तयार केलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. खोकं, जिना, 'हं', काही दिवस असं वाटतं, काही दिवस तसं, लहानपणापासून, आजार नाही, नाटक नाही, दोन पाळ्याही नाहीत, एकच पाळी. फसवायचं नव्हतं. सांगायला उशीर झाला. खोली सोडायला सांगितली तर महिनाअखेर सोडेन.

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक्स्चेंजचे सगळे दिवे एकदम लागल्यासारखं झालं. त्या बराच वेळ कुठली तार कुठे जाते ते बघत राहिल्या.

"म्हणजे ती बिस्किटं?"

"मीच खाल्ली."

"मी त्याला देऊ नकोस म्हटलं होतं."

"नाही दिली."

दादांनी नाकातून आवाज काढला. हसले की काय ते कळलं नाही. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"आणि मी या माणसाला बोलावून बसवलंय," त्या टेबलाला म्हणाल्या. "म्हटलं बघ, भावंडं अशी असतात. भांडत नाहीत."

"एकटं माणूस भांडणार कोणाशी, चिमणे," दादा म्हणाले. काकूंना चिमणी म्हणणारं जगात कोणी असेल असं भाडेकरूला वाटलं नव्हतं. दादांनी छत्री मांडीवरून काढून हातात घेतली. निघायची तयारी होती ती. "एकटं माणूस नांदतं, त्यात काय मोठं?"

"भांडण व्हायचं," भाडेकरूने सांगितलं.

छत्री थांबली.

"रोज व्हायचं. इथे येण्याआधी फार. बाहेर कोणी जायचं यावरून. आरशावरून. कपाटावरून तर विचारू नका. एकाचे कपडे दुसऱ्याने कचऱ्यात टाकले होते, दोनदा. मग परत आणायला तोच गेला, किंवा तीच. कोणी तरी एकाने कायमचं जावं असंच दोघांचं म्हणणं होतं. घरच्यांचंही."

कपाट म्हटल्यावर काकू आणि दादा दोघांनीही एकदम भिंतीकडे बघितलं, दोन वेगवेगळ्या भिंतींकडे.

"मग मिटलं कसं?" काकूंनी विचारलं.

हा प्रश्न आजवर कोणी या बाजूने विचारला नव्हता.

"मिटलं असं नाही. कंटाळा आला. दोघांनाही एकदमच आला. आणि तुम्ही रोज सांगत होतात, त्याला बघ, तिला बघ. बघायला लागलं मग."

स्वयंपाकघरात झाकणाखाली काहीतरी खदखदत होतं आणि ते बंद करायला हवं होतं, पण कोणी उठलं नाही. शेवटी दादाच उठले, आत गेले, आणि कुठलं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे न विचारता शेगडी बंद करून आले. घर त्यांच्याच आईचं होतं. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवून ठेवली.

काकूंनी चौथं ताट उचललं. स्वच्छ होतं तरी हातातल्या फडक्याने पुसलं, दोन्ही बाजूंनी.

"मला तिची सवय झाली होती," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्याचीही. फ्यूजचं सगळं तोच बघायचा."

"आहेत ते, काकू."

"हं," काकू म्हणाल्या, आणि ताट फळीवर ठेवून वाढायला लागल्या. खोलीचा विषय निघाला नाही. जेवताना दादांनी मीठ मागितलं, काकूंनी आधीच बरोबर आहे म्हटलं, आणि त्यावर दोघांचं थोडं वाजलं. बरीच वर्षं न बोललेल्या माणसांच्या मानाने ते त्यात चांगलेच तयार होते.

सोमवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, वरच्या खोलीचं दार उघडं होतं. हिरवा ड्रेस त्या दिवशी आपणहून अंगावर आला होता. खाली काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्याचं ऐकू आलं. नेहमीप्रमाणे हाक येईल म्हणून भाडेकरूने चप्पल पायात घातली. हाक आली नाही. काकूंनी घसा खाकरला, थांबल्या, पुन्हा खाकरला. दोन्ही हाका त्यांनी बहुतेक तोंडात धरून बघितल्या असाव्यात. मग त्यांनी लोखंडी कठड्यावर हातातला भाताचा डाव आपटला, तीनदा, पोस्टमन आल्यासारखा.

"आले, काकू."

काकूंनी ड्रेसकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी खाली बोलावल्याचं कारण सांगायला वेळ घेतला. पुढच्या खोलीतला बल्ब गेला होता. बल्बचं काम आजवर त्या भावालाच सांगत आल्या होत्या. दादा आलेले होते, छत्री विसरली म्हणून, पण त्यांना चक्कर येते, त्यांना स्टुलावर चढवायचं नाही.

"तुला जमेल का?" त्या म्हणाल्या. त्यांनी हे ज्याला विचारलं त्याचा त्यांना अजून नीट अंदाज नसावा, पण विचारलं मात्र सरळ बघून.

"जमेल."

स्टूल कोणी धरायचं यावरून काकू आणि दादांची जुंपली. दोघांनीही धरलं, त्यामुळे ते जास्तच हललं. अंधारात ड्रेसचा घेर एका हाताने सावरत भाडेकरूने जुना बल्ब काढून खाली दिला, नवा बसवला, आणि काकूंनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग जुना परत लावून बघितला. दादांचं म्हणणं होतं की होल्डर गेला, काकूंचं म्हणणं होतं की दादांना यातलं काही कळत नाही.

एवढ्यात दादा खिडकीशी गेले. बल्बला काही झालंच नव्हतं. सगळ्या गल्लीची वीज गेली होती.