काळ्या घोड्याची नाल आणि लाल दिवा

जीवराम महाराजांनी टूल चेंजरवर, म्हणजे हत्यारं बदलणाऱ्या भागावर, टांगलेला जुना उतारा सोडवून हातात घेतला, आणि मशीनच्या आतला बारीकसा लाल दिवा विझला. पंधरा-सोळा माणसांनी एकदम हात जोडले.

"मिटला! डोळा मिटला!" महाराज ओरडले. "दोन दिवस उघडा होता, आता शांत झाला. बोला, जय शनिदेव!"

"जय शनिदेव!" सगळी शेड दणाणली.

जळगावच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात ठिबकच्या तोट्यांचे साचे बनत, आणि दर शनिवारी सकाळी दहाला हा चमत्कार घडे. आजची सहावी खेप. बोदवडहून महाराज रेल्वेने यायचे, पायाला धूळ न लागता मालकांच्या मोटारीतून शेडपर्यंत पोचायचे, आणि जपानी बनावटीच्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला खान्देशी पद्धतीने समजावून सांगायचे.

सुलक्षणा पॅकिंगच्या टेबलापाशी उभी होती. तिला काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. गेल्या महिन्याभरात तिच्या आत सगळं बधिर झालं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिला स्वतःचंच वाटत होतं.

आयटीआय करून दोन वर्षं तिने हीच मशीन चालवली होती. असोद्याहून पहिल्या बसने येणारी, शेडमधली एकुलती एक बाई ऑपरेटर. मग एके दिवशी मशीन मध्येच थांबली. टूल बदलायचं म्हटलं की अलार्म, आणि सगळं ठप्प. मशीन कंपनीचा माणूस पुण्याहून यायला आठवडा लागणार होता. मालक कुंदनभाऊंना कुणीतरी महाराजांचं नाव सुचवलं. महाराज आले, गोमूत्र शिंपडलं, पंचाने आतलं सगळं पुसून काढलं, आतल्या एका खिळ्याला उतारा टांगला. मशीन सुरू झाली! कुंदनभाऊंनी पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा थांबली. तेव्हा महाराजांनी डोळे मिटून, नाक वर करून, हवेतलं काहीतरी हुंगलं आणि निदान केलं. "लोखंड हे शनीचं धन. त्याला विटाळ सहन होत नाही. या मशीनला बाईचा हात लागतो."

त्या दिवसापासून सुलक्षणा पॅकिंगला. शिवाय ऑफिसातल्या कॅलेंडरवर तिने आपल्या चार दिवसांभोवती लाल गोल करायचे, आणि त्या दिवसांत मशीनच्या टोकाला फिरकायचंही नाही. चहा घ्यायला जाणारा प्रत्येक माणूस ते गोल बघायचा. पहिला गोल तिने ऑफिसात कुणी नसताना काढला होता. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांसमोर काढला.

एवढं करूनही मशीन दर आठवड्याला थांबतच होती. महाराजांकडे त्यालाही उत्तर होतं. "सावली पडते हिची. पॅकिंगपासून मशीनपर्यंत सावली येते." शेडला छप्पर होतं, सावली यायची कुठून, हे कुणी विचारलं नाही. काल कुंदनभाऊंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "सोमवारपासून येऊ नको. माझा विश्वास आहे असं नाही गं, पण धंदा आहे." घरी तिने अजून सांगितलं नव्हतं. वडील गावात अभिमानाने सांगायचे, माझी पोरगी कॉम्प्युटरची मशीन चालवते.

कालच, जेवणाच्या सुट्टीत, तिच्या जागी बसलेल्या पुनाभाऊंना तिने अलार्मची यादी उघडायला लावली होती. मशीन स्वतःच तारखा लिहून ठेवते. उतारा टांगल्यापासून पाच अलार्म, पाचही गुरुवारी नाहीतर शुक्रवारी. त्यातले चार ती पॅकिंगला असताना. शनिवारी उतारा बदलायचा, आणि पाच-सहा दिवसांनी मशीन थांबायची. पाच दिवसांत तिथं काय बदलत होतं? तिने मान वाकवून आत बघितलं होतं, आणि तिला ते दिसलं होतं.

महाराज नवा उतारा टांगायला पुढे झाले. लिंबू, सात मिरच्या, एक बिब्बा आणि खाली काळ्या घोड्याची लोखंडी नाल. जुना उतारा गिरणा नदीत सोडायला पुनाभाऊंच्या हातात दिला होता.

"पुनाभाऊ, तो द्या इकडे," सुलक्षणा म्हणाली, आणि चालत मशीनपाशी आली.

"हात लावू नको!" महाराज किंचाळले. "कुंदनशेठ, आवरा हिला!"

कुंदनभाऊ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सुलक्षणा, अगं आज तारीख..."

"हो. दुसरा दिवस आहे माझा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आवाज सपाट होता. तिने आधी मशीनचं लाल इमर्जन्सी बटण दाबलं, मग अर्धवट उघडं दार पूर्ण सरकवलं. "हा बोटाएवढा गोल तुकडा दिसतो ना, हा सेन्सर. ज्यात टूल बसतं तो कप खाली आला का, एवढंच तो बघतो. लोखंड जवळ आलं की दिवा लागतो. कमलबाई, तुमचा चमचा द्या."

पॅकिंगच्या कमलबाईंनी डब्यातला स्टीलचा चमचा दिला. तो दांड्याकडून अगदी जवळ नेला तरी दिवा लागला नाही.

"बघा!" महाराज म्हणाले. "बघा, देव फसत नाही!"

सुलक्षणाने चमचा उलटा केला, दांडा अरुंद पडतो म्हणून वाटीची रुंद बाजू सेन्सरला टेकवली. लाल दिवा पेटला. काढला, विझला. पुन्हा टेकवला, पुन्हा पेटला.

"ओ माय," कमलबाई म्हणाल्या, "मना चमचाले बी देवना डोया उघडस!"

कुणीतरी हसलं. सुलक्षणा हसली नाही. तिने लिंबू धरलं, दिवा लागला नाही. मिरची धरली, नाही. नाल दाखवली, लागला.

मग तिने स्वतःचं बोट सेन्सरवर ठेवलं आणि ठेवूनच दिलं. दिवा विझलेलाच राहिला.

"माझ्या हाताने लागत नाही," ती म्हणाली.

तिने जुना उतारा परत त्याच खिळ्याला अडकवला. लिंबू सुकून सुपारीएवढं झालं होतं, मिरच्या वाळून चिपाडं झाल्या होत्या. नाल मागे कलंडून सेन्सरला टेकली. दिवा लागला. तो काढून तिने महाराजांच्या हातातला नवा घेऊन लटकवला. ताज्या, फुगीर लिंबाने नालेला दोन बोटं पुढे ढकलून धरलं. दिवा विझला.

"लिंबू ताजं आहे तोवर मशीन चालते. सुकलं की नाल टेकते. कप वर असला तरी मशीनला वाटतं खाली आहे, म्हणून ती थांबते. मग हे येतात, सुकलेला उतारा काढतात आणि डोळा मिटतो."

"आणि पहिल्या वेळी?" कुंदनभाऊंनी विचारलं. "तेव्हा तर उतारा नव्हता."

"तेव्हा सेन्सरवर लोखंडाचा बुरा चिकटला असणार. यांनी पंचाने पुसला. फडक्याने मीही पुसला असता. मला विचारलं नाही कुणी."

महाराज पिशवी आवरत होते. "शक्ती अनेक रूपांनी..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं, पण पुनाभाऊंनी मधेच विचारलं, "महाराज, मग आमच्या पोरीची सावली कुठं गेली?" महाराजांना बोदवडच्या गाडीची वेळ आठवली. या खेपेला ते स्टेशनाकडे चालत निघाले.

"बरं झालं," कुंदनभाऊ घसा खाकरत म्हणाले. "झालं गेलं. बस आता मशीनवर."

सुलक्षणा हलली नाही. "महिनाभर तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की माझ्यामुळे मशीन बंद पडते. आता सगळ्यांसमोर सांगा, माझ्यामुळे नव्हती पडत."

ते पुनाभाऊंकडे बघत राहिले, मग कमलबाईंकडे. कुणी त्यांची सुटका केली नाही.

"तुझ्यामुळे नव्हती पडत," शेवटी ते म्हणाले. "आम्ही बघितलंच नाही."

आता तो बधिरपणा उतरला. महिन्याभराचं सगळं एकदम अंगात परत आलं आणि ते सुखाचं नव्हतं, दुखत होतं. कमलबाईंनी तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

वाचकहो, खिळ्यापाशी मान वाकवून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. शेडमध्ये शिकलेली माणसं होती, सगळ्यांना डोळे होते. पण दोष द्यायला एक बाई आयती सापडली, म्हणून बघायची कुणाला गरज वाटली नाही. यंत्र बंद पडलं, पोर आजारी पडलं, विहीर आटली, तर आधी वाकून बघा, पुसून बघा, काढून-लावून बघा. तेवढं करायच्या आत कुणी माणसाकडे बोट दाखवलं, तर त्याला सरळ विचारा, तू बघितलंस का?