थोरल्यांचा डावा पाय

थोरल्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा समाचाराला आलेला प्रत्येक जण घरातूनच डॉक्टर होऊन आला. "मनात आणलं तर माणूस काय करत नाही!" असं मेहुणे खुर्चीत रेलून म्हणाले. थोरल्यांनी मनात पुष्कळ आणलं. पाय मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा पडून राहिला.

पुनर्वसन केंद्रात फिजिओबाई त्यांना समांतर दांड्यांमध्ये उभं करायच्या. "काका, आधी टाच टेका."

"आज त्राण नाही," काकांचं उत्तर. उद्याचंही तेच तयार असायचं.

एका सकाळी त्याच हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीतून त्यांचा धाकटा भाऊ आला. उजवं अंग लुळं पडलेलं. अंगणातल्या भिंतीवरून दोघांनी बोलणं टाकलं होतं, त्यालाही आता जमाना झाला. वडिलांकडून दोघांना तंटा न होता सारखं मिळालं ते एकच, रक्तदाब.

थोरल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं धाकटा म्हणाला, "बाई, त्यांच्यामागे कशाला लागता? जन्माचे आळशी ते. ते कसले चालताहेत!"

थोरल्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. निदान उजव्या तळपायाची तरी. ते दांड्या सोडून निघालेच. "काका, सावकाश! गुडघा वाकवा!" म्हणत बाईंनी मागून त्यांचा कमरपट्टा घट्ट धरला. डावं पाऊल फरफटत होतं, पण येत होतं. हॉलमधले सगळे व्यायाम थांबले.

धाकट्यासमोर पोहोचेपर्यंत दम लागून ठेवणीतल्या शिव्या विरून गेल्या. पाय लटपटू लागले.

धाकट्यानं डाव्या हातानं स्टूल पुढे ओढलं. "बस आधी. पडलास तर खापर माझ्यावर फुटेल."

थोरले बसले. बराच वेळ धापा टाकून म्हणाले, "तुला कधी झालं?"

"तुझं कळलं, त्यानंतर."

"माझी नक्कल करायची खोड काही गेली नाही तुझी."

धाकटा हसला, वाकड्या तोंडानं जमेल तेवढा. थोरल्यांचे डोळे भरून आले. हल्ली डोळ्यांत फार धूळ जाते म्हणे.

पुढे थोरले काठीवर चालू लागले. केंद्रात यायची गरज उरली नाही, तरी रोज हजर. बाईंनी कारण विचारलं, तर धाकट्याकडे काठी दाखवत म्हणाले, "याचं पाऊल आत वळतंय, तुमचं लक्ष कुठे असतं?"