सूर्यावरचा तेल्या

स्वप्नालीचं पत्र आलं तेव्हा घरात दिवाळीच्या चकल्या शिल्लक होत्या. चकल्या संपल्या, संक्रांतीचा तिळगूळही संपला, उत्तर मात्र गेलं नाही. मी लिहीत नव्हतो असं नाही. रोज लिहीत होतो. 'चि. स्वप्नालीस अनेक आशीर्वाद' इथवर माझी मराठी अस्खलित आहे. त्यापुढे शंका येऊ लागतात. 'अनेक' कशाला? आशीर्वाद काय मोजून द्यायचे असतात? मग कागद बदलायचा.

स्वप्नाली अंथुर्ण्याची, माझी विद्यार्थिनी. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. आता बारामतीत मुलाकडे राहतो, पुस्तकं वाचतो आणि सूनबाई केर काढायला लागली की नेमका तिच्या वाटेत बसलेला असतो. स्वप्नाली बंगळूरला सूर्यावर संशोधन करते. आपल्या आदित्य यानानं अतिनील प्रकाशात टिपलेली सूर्याची चित्रं आणि परदेशी यानांनी त्याच वेळी टिपलेली चित्रं ती शेजारी शेजारी ठेवते. सूर्यावरच्या कोणत्या डागाजवळ स्फोट होणार याचा आधी काही सुगावा लागतो का, हे तिला शोधायचं आहे. माझा फोन कपाटात स्वेटरच्या घडीत असतो हे ठाऊक असल्यामुळे तिनं कागदावर लिहिलं होतं:

"सर, येत्या विज्ञान दिनाला आपल्या शाळेत माझं भाषण आहे. आबा येणार नाही म्हणतात. गावानं त्यांची चेष्टा चालवली आहे. तेल्याचं तुम्हाला कळलं असेलच. तुम्हीच तसं सांगितलं होतं असं ते म्हणतात. एकदा त्यांना समजावाल का? ते तुमचं ऐकतात. आबा समोर बसले नाहीत तर मला बोलताच येणार नाही."

तेल्याचं मला कळलं होतं. निम्म्या इंदापूर तालुक्याला कळलं होतं.

झालं होतं असं. तिचे आबा, म्हणजे वडील हिंदुराव, डाळिंब घेऊन बारामतीच्या बाजारात आले होते. मला बघून त्यांनी विचारलं, "गुरुजी, पोरगी नेमकं करती काय?" आता मी पडलो पुस्तकी माणूस. ऐकणाऱ्याच्या अनुभवातलं उदाहरण द्यावं, असं शिकवण्याच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. तेल्या म्हणजे डाळिंबाच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग. फळावर काळे, तेलकट डाग पडतात. मी म्हणालो, "हिंदुराव, सूर्यावर डाग पडतात. तुमच्या डाळिंबावर तेल्याचे पडतात ना, तसे." हे उदाहरण सुचल्याबद्दल मी स्वतःवर इतका खूश झालो की पुढचं वाक्य बोलायचंच राहिलं. पुढचं वाक्य होतं, 'पण तो रोग नव्हे.'

हिंदुरावांनी गावात अभिमानानं सांगितलं, सूर्याला तेल्या पडलाय आणि माझी पोरगी त्यावर औषध काढतीय. मग काय! चहाच्या टपरीवर त्यांना रोज एक प्रश्न. "हिंदुराव, एवढ्या मोठ्या फळाला बोर्डोचं औषध किती लागंल?" "फवारणीला सोलर पंप न्या, तितं उनाला तोटा न्हाय!"

फेब्रुवारी निम्मा सरला. एका सकाळी सूनबाई, अनिता, म्हणाली, "बाबा, कागद संपले. नवे आणू, की एसटीनं जाऊन त्यांना भेटताच?" माझ्यासारख्याला असं हाकललं की बरं वाटतं. निर्णय आपला नसतो.

इंदापूरच्या एसटीत बसून मी मनात वाक्यं घोकत होतो. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं. मी "चुंबकीय क्षेत्र" म्हणालो.

"ते आमच्या मार्गावर न्हाय, आजोबा," तो म्हणाला. मग मी अंथुर्णे म्हणालो.

हिंदुराव आणि त्यांची बायको द्वारकाबाई बागेत होते. उन्हानं चट्टा पडू नये म्हणून फळांना कागद बांधणं चाललं होतं.

"या गुरुजी," हिंदुराव वर न बघता म्हणाले. "औषध आणलं का?"

"हिंदुराव, तो रोग नाही."

"आता सांगताय व्हय? गावानं मला पंपासकट सूर्यावर धाडला की!"

"तोंडालाच कागद बांधाया पायजे हुता," द्वारकाबाई म्हणाल्या. कुणाच्या तोंडाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते माझ्याकडे घेतलं.

बांधावर बसून मी घोकलेली वाक्यं एकेक करून सोडली. डाग पडतो तिथं सूर्याचं चुंबकत्व फार जोरदार असतं, त्यानं आतली उष्णता वर यायची अडते, म्हणून ती जागा भोवतालपेक्षा थंड आणि काळी दिसते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, डाग आपोआप विरतो.

"औषध न मारता?"

"न मारता."

"मग ब्येस हाय की. मग ही शोधती काय?"

"कधी कधी डागाजवळ स्फोट होतो. कणांचा मोठा लोट सुटतो. तो आपल्याकडं आला तर उपग्रह बिघडू शकतात, विजेच्या तारांवरही परिणाम होतो..."

"तरीच!" द्वारकाबाई म्हणाल्या. "परवा पाण्याची मोटार जळली ती."

"ती उंदरानं वायर खाल्ली म्हणून गं," हिंदुराव म्हणाले. "सूर्याला कशाला गुंतवती त्यात? गुरुजी, पर एवढं वर यान कशाला धाडायचं? हितनं दिसत न्हाय व्हय सूर्य?"

मी म्हणालो, त्या अतिनील चित्रांना लागणारा बराचसा प्रकाश आपली हवाच अडवते. शिवाय इथं ढग, इथं रात्र. यान पंधरा लाख किलोमीटरवर आहे, तिथं रात्र होतच नाही.

हिंदुरावांच्या हातातला कागद तसाच राहिला. "म्हंजी कायम दिवसपाळी? आमाला मोटारीची लाईट रातची देत्यात, आन यानाला बरी दिवसा!" ते हसले. मीही हसलो. मला वाटलं, जमलं! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी काही समजावलं!

"मग भाषणाला येणार ना?"

"न्हाय."

"अहो, आता तर समजलं ना सगळं?"

"समजायचं काय न्हाय त्यात." त्यांनी फळाला कागद गुंडाळला, दोरा आवळला. "मी तिला फोन लावला हुता. म्हणलं, बाय, औषधाचं कुठवर आलं? ती हसली. लई येळ हसली. बाजूच्या माणसांना इंग्रजीत कायतरी बोलली, मग ती माणसंबी हसली. गावाचं काय, गाव कुणालाबी हसतंय. पर ती हसली, गुरुजी."

एवढ्या महिन्यांत पत्र मला पाठ झालं होतं. त्यात गाव होतं, तेल्या होता, मी होतो. हे हसणं नव्हतं. ते आबांना लागलं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"तिला सांगितलंत हे?"

"काय सांगू? बाप हाय मी तिचा. तुमीबी सांगू नका."

"ते कशाचं सांगत्यात!" द्वारकाबाई म्हणाल्या. "दिवाळीपस्नं पोरगी म्हणतीय, सरांचं पत्र आलं न्हाय. ह्यांचं पत्र कुणाला पोचलंय कधी?"

मला सडकेपर्यंत सोडायला त्या आल्या. पिशवीत डाळिंबं घातली आणि हळूच म्हणाल्या, "लिवा. तुमच्या नावानं लिवा. आमी काय बोललोच न्हाय."

बारामतीत उतरल्यावर मी घरी गेलो नाही. घरी टेबल आहे, शब्दकोश आहे, शंका आहेत. थेट पोस्टात गेलो. काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ होता. दोरीनं बांधलेल्या पेनानं, उभ्यानंच लिहिलं. पेनाची दोरी एवढी आखूड होती की आशीर्वादापर्यंत हात पोचेना. ते राहूनच गेले.

"स्वप्नाली, आबा गावाला भिऊन घरी बसणार नाहीत. त्यांनी औषधाचं विचारलं तेव्हा तू हसलीस, म्हणून बसले आहेत. प्रश्न त्यांचा नव्हता, माझ्या अर्ध्या वाक्याचा होता. हसायचं तर मला हस. पण आधी त्यांना फोन कर, बाजूला कुणी नसताना. भाषणही त्याच प्रश्नापासून सुरू कर, सूर्याच्या डागावर औषध का लागत नाही. अतिनील चित्रं मोठी छापून आण, त्यांना लांबचं नीट दिसत नाही. मी सांगितलं हे त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तरी ते ओळखतीलच."

खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं. "स्पीड पोस्ट ना? पाठवणाऱ्याचा मोबाईल नंबर?"

"मला पाठ नाही."

"मग घरी फोन करून विचारा की, काका."

"फोन कपाटात आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी टिपलं, पावती फाडली. पावती हातात आली आणि मला आठवलं, 'अतिनील' मधला 'नी' मी ऱ्हस्व लिहिलाय. विज्ञानाच्या मास्तरानं!

"बाई, ते पाकीट जरा परत..."

"गेलं की, काका," त्या म्हणाल्या. पाकीट मागच्या पोत्यात पडलं होतं आणि शिपाई पोत्याचं तोंड बांधत होता.