नारळाखालची चपटी

मी एक जुनी कशिद्याची पिशवी आहे, आणि ओळख सांगण्याआधी तक्रार सांगते. पारुबाईच्या जगनचं वागणं मला बिलकूल पसंत नाही. पिशवीला तिच्या पोटात काय ठेवू म्हणून कुणी विचारत नाही, कबूल. पण आईच्या पिशवीत दारू?

मित्रांनो, मी बाजारातली नायलॉनची थैली नव्हे. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यात पारुबाईनं लग्नाआधी मला शिवलं. लाल कापड, त्यावर आरसे, काठाला कवड्या. तिला अक्षर येत नव्हतं, पण टाका असा की उलट्या बाजूनंही नाव ठेवायला जागा नाही. आमच्या तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरले. त्या गोण्यांच्या घराण्यातली मी.

मी शेतात भाकरी नेल्या. जगनची पाटी वाहिली. हिंगोलीच्या बाजारात एका बाईनं मला विकत मागितलं, तेव्हा पारुबाई फणकारली, "लेकी इकत्यात व्हय कुठं?" त्या दिवशी मी रिकामी असून फुगले होते.

पुढं जगन पिऊ लागला आणि मी खुंटीलाच राहिले. दोन कवड्या गळाल्या, कुणाचं लक्ष नव्हतं. गेल्या महिन्यात त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, आता प्यायला तर वाचवणं आमच्या हाती नाही. त्याच दवाखान्याच्या भिंतीवर त्याच्या बायकोनं, शिवकन्येनं, एक कागद वाचला. दारू सोडलेल्या माणसांची बैठक, दर रविवारी दुपारी, हिंगोलीतल्या शाळेच्या खोलीत, घरच्यांनीही यावं. तिनं फोन करून पत्ता विचारून घेतला आणि सासूला सांगितलं, "आज ह्ये गेले न्हाईत, तर मी दिपाला घेऊन माहेरी चालले. लेकरानं बापाचं मरण पाहायचं काहून?"

पारुबाईनं मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि माझ्यात एक नारळ ठेवला. तांड्यात कुणाचा गुन्हा नायकापुढं गेला, की घरचं वडीलधारं माणूस उभं राहून सगळं सांगतं, मग गुन्हेगार नारळावर हात ठेवून शपथ घेतो. तिला वाटलं, बैठक म्हणजे तेच.

नाक्यावर एसटीची वाट पाहताना जगन "आलोच" म्हणून ढाब्यामागं गेला. परत आला आणि गोड आवाजात म्हणाला, "याडी, पिशवी दे, मी धरतो." आईला बरं वाटलं. मलाही. इतक्या वर्षांनी पोरगं आपलं ओझं घेतंय! पण गाडीत चढता चढता त्यानं दारूची एक काचेची चपटी माझ्यात सारली, थेट नारळाखाली. त्याचे खिसे आई तपासायची, स्वतःची पिशवी कशाला तपासेल?

हिंगोली येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी अंग आवळून बसले. किणकिणले तर हा उतरून पळेल. गप्प राहिले तर परतताना पिईल.

खोलीत दहा-अकरा माणसं होती. एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ म्हणाला, "माझं नाव भिवाजी. बारा वर्षं झाली, थेंब न्हाई घेतला. आज बी न्हाई." तो खाली बसतो न बसतो, पारुबाई जगनच्या हातून मला घेऊन उभी राहिली.

"ऐका! ह्यो माझा जगन. ह्यानं बायकोच्या पाटल्या इकल्या, मेव्हण्याच्या लग्नात..."

जगनची मान छातीला टेकली. त्याची नजर दाराकडं गेली.

"मावशी," भिवाजी हळू म्हणाला, "इथं नायक न्हाई, पंच न्हाई. ज्यानं त्यानं आपलंच सांगायचं."

"मंग म्या काय मुक्यावानी बसू?" असं म्हणून तिनं मला फरशीवर आदळलं.

नारळाचं वजन चपटीवर आलं. कट्.

मित्रांनो, तो वास! माझ्या शिवणीतून दारू फरशीवर पसरली. समोर बसलेल्या एकानं आपले हात मांड्यांखाली दाबून धरले. भिवाजीनं श्वास रोखून खिडक्या उघडल्या. कुणी विचारलं नाही कुणाची म्हणून, पण सगळ्यांनी जगनकडं मान वळवली.

आणि माझी मानी पारुबाई, जी आत्तापर्यंत लेकाची अब्रू चव्हाट्यावर मांडत होती, ती म्हणाली, "माझी हाय. कंबर चोळायला आणली."

आयुष्यात पहिल्यांदा तिला खोटं बोलताना मी पाहिलं. जगन नुसता गप्प बसला असता, तरी सुटला असता.

तो उठला. दाराकडं दोन पावलं गेला. थांबला.

"याडी खोटं बोलून राहिली," तो म्हणाला. "मी जगन. चपटी माझी हाय. जाताना प्यायची व्हती." आणि तो परत येऊन खाली बसला.

"बरं केलंस, जगन," भिवाजी म्हणाला. एवढंच.

पिशवीत जे ठेवाल तेच तिला सांभाळावं लागतं, मित्रांनो, आणि फुटलं की डागही तिलाच. म्हणून घरच्या जुन्या वस्तूंना जपा, आणि त्यांच्याआड काही लपवू नका.

बैठक सुटल्यावर शाळेच्या नळापाशी जगन मला धुवायला पारुबाईपुढं धरू लागला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"म्या न्हाई धुणार," ती म्हणाली. "घाण तुझी, तूच धू. काच जपून वेच. आन पुढल्या ऐतवारी हिला खांद्याला लावून तू एकटा यायचं. मी येणार न्हाई आन तपासणार बी न्हाई."